माणशी सव्वा लिटर

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झालं. त्यामुळे बी.ए.च्या पहिल्या वर्षाला येईपर्यंत माझ्या अंगावरून बारा वर्षं इंग्रजी गेलेलं होतं. अंगावरूनच, आत काही मुरलं नव्हतं. मार्क मात्र पडायचे, कारण निबंध पाठ असायचे. ‘अ रेनी डे’ तर तोंडपाठ. गाईडातला तो पोरगा कागदाच्या होड्या सोडायचा, गरम भजी खायचा आणि शेवटी त्याला न चुकता इंद्रधनुष्य दिसायचं. ज्या वर्षी आमच्या शेतात दुबार पेरणी झाली, त्या वर्षीही मी परीक्षेत धो-धो पाऊस पाडून आलो.

त्यात माझं कॉलेज लातूरला. लातूर पॅटर्नचं गाव! पेपर सोडवा, पुन्हा सोडवा आणि निकाल लागला की चौकातल्या फ्लेक्सवर झळका. ट्यूशन एरियाच्या कडेला खोली बघायला गेलो, तर मालककाकांनी विचारलं, “मेडिकल का इंजिनिअरिंग?”

“बी.ए.”

“मग लातूरला कशाला आलास रं?”

कंपल्सरी इंग्लिशला ज्या मॅडम होत्या, त्यांनी आल्या आल्या गाईड बंद केलं. दर आठवड्याला एक परिच्छेद, स्वतःचा. वर ‘व्हेरी’ आणि ‘ब्यूटिफुल’ या दोन शब्दांवर बंदी. अर्ध्या वर्गाचं इंग्रजी तिथंच संपलं. मी सकाळचं वर्णन लिहिलं: ‘द बर्ड्स वेअर सिंगिंग स्वीटली.’ वही परत आली ती शेजारी पेन्सिलीनं एवढंच लिहून: ‘कोणते पक्षी?’

आता आली का पंचाईत! इतकी वर्षं हे पक्षी गात होते, कुणी नाव विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून खिडकीतून बघितलं. समोरच्या डिश अँटेनावर एक कावळा बसला होता. गात नव्हता. मेसच्या डब्यातली जी चपाती आम्ही तिघांनी तोडायचा प्रयत्न करून सोडून दिली होती, ती तो पायाखाली दाबून ओढत होता. दोनदा सुटली, त्यानं सोडली नाही. मी लिहिलं: ‘द क्रो इज ईटिंग मेस चपाती. ही इज ब्रेव्ह.’

मॅडमनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि सगळा वर्ग हसला. माझ्या इंग्रजीला लोक आधीही हसले होते, पण मी ठरवलेल्या जागी पहिल्यांदाच हसले. त्या दिवशी मेसमध्ये मी तीच चपाती मिटक्या मारत खाल्ली.

ए, ॲन आणि द यांचा प्रश्न अजूनही सुटलेला नाही, हे सांगून टाकतो. फोडणीत मोहरी टाकावी तसे ते मी अंदाजानं टाकतो.

मग आला एप्रिल २०१६. मांजरा धरण कोरडं पडलेलं, नळाला पाणी नाही, पाण्याच्या टाक्यांपाशी गर्दी आवरायला १४४ कलम. त्याची धास्ती आमच्या गल्लीतही पोचली होती. टँकर आला की चौघं रांगेत उभे राहायचे आणि बाकीचे सगळे, हातात घागरी घेऊन, आपण सहज फिरायला आलोय असं दाखवायचे. अशात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. तिच्या वाघिणी तयार होऊन आल्या होत्या राजस्थानातल्या कोट्याच्या वर्कशॉपमधून. आमच्या गावाची आणि कोट्याची तोवरची ओळख क्लासेसपुरती. दोघांनी मिळून पोरं भरली, आता पाणी भरायला घेतलं.

मॅडम म्हणाल्या, “यावर लिहा.” गाईडात पाण्याच्या रेल्वेवर निबंध नव्हता. कुठल्याच गाईडात नव्हता. मी पहिलं वाक्य लिहिलं, ‘अ बिग ट्रेन केम’, आणि मॅडमची पेन्सिल न येताच मला ऐकू यायला लागलं: केवढी बिग? मग पेपर काढून हिशोब मांडला. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाणी पाच लाख लिटर. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर. भागाकार केला, माणशी सव्वा लिटरच्या आसपास आलं. लिहून टाकलं: ‘द ट्रेन ट्रॅव्हल्ड थ्री हंड्रेड अँड मोअर किलोमीटर्स फॉर मी. माय शेअर इज वन अँड क्वार्टर लिटर. माय बाथ मग इज बिगर.’

हे मला समोर उभं करून वाचायला लावलं. पाय लटपटत होते, घसा कोरडा पडलेला, आणि त्या दिवसांत “जरा पाणी द्या” म्हणायची सोय नव्हती. ‘बाथ मग’पाशी मागच्या बाकावरून बाक वाजले. मॅडमनी शेरा दिला: ‘टेन्स सांभाळ. पुढे लिही.’ कौतुक म्हणावं तर अर्धंच होतं, पण ‘पुढे लिही’ एवढ्यावर मी एक दोनशेपानी वही आणली.

खोलीतल्या सायन्सवाल्यांच्या कानावर हे गेलं. त्यांना फिजिक्स यायचं, अर्ज यायचा नाही. एकानं बँकेला इंग्रजीतून अर्ज लिहून मागितला आणि बदल्यात त्याच्या नंबरची एक बादली पाणी दिलं. लेखनाचं माझं पहिलं मानधन. त्या महिन्यात तरी त्यापेक्षा चांगलं मानधन मिळालेला लेखक लातुरात कुणी असेल, असं वाटत नाही.

शेवटी मालककाकाच दारात आले. गल्लीत टँकर येईना, तक्रार द्यायची, आणि तीही इंग्रजीतच. “मराठी कागद बघतच न्हाईत ते.” मी मन लावून लिहिलं. कोणती गल्ली, घरं किती, शेवटचा टँकर कोणत्या वारी आला, म्हाताऱ्या आजींनी घागर कुठून वाहिली, सगळं. ‘व्हेरी’ एकदाही नाही. आम्ही दोघं इस्त्रीचे शर्ट घालून तो कागद घेऊन गेलो. टेबलामागच्या माणसानं तो वरून खाली वाचला, उलटून कोरी बाजूही बघितली, आणि म्हणाला, “हे मराठीत आणा.”

बाहेरच्या कट्ट्यावर बसून मी पुन्हा सगळं मराठीत लिहायला घेतलं. इंग्रजीतला कागद चुरगळणार, तेवढ्यात काकांनी हात धरला.

“त्यो दे इकडं. जावयाला दाखवतो. इंजिनिअर हाय त्यो, पर असलं लिवता येत न्हाई त्याला.”