त्यातले शाकाहारी किती?

पुण्यात सिंहगड रोडला राहणाऱ्यांना २०२५चा जानेवारी विसरणं शक्य नाही. जीबीएस, म्हणजे गिलेन-बारे सिंड्रोम हा नसांचा आजार, ही तीन अक्षरं आमच्यापैकी फार कुणी ऐकलेली नव्हती, आणि आठ दिवसांत ती दूधवाल्याच्याही तोंडी आली. नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, धायरी. रोज एका नव्या घराचं नाव कानावर यायचं. आधी दोन दिवस जुलाब, मग पायांना मुंग्या, मग जिना चढवेना, मग उठताच येईना. आमच्या मागच्या गल्लीतला अकरावीचा पोरगा व्हेंटिलेटरवर होता. त्याची आई पार्किंगमध्ये भेटली की तिच्याकडे बघायचा धीर व्हायचा नाही.

एनआयव्हीचे, म्हणजे पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे, रिपोर्ट यायला लागले. पेशंटच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. हा जिवाणू कोंबड्यांच्या आतड्यात असतो, हेही कुणीतरी वाचलं आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तासाभरात निकाल लागला: चिकन खाऊ नका, चिकनमुळेच होतंय.

त्यावर आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, "जे ॲडमिट आहेत त्यातले शाकाहारी किती?"

एवढंच. काकू बारावीपर्यंत शिकलेल्या, पोस्टात नोकरी करून रिटायर झालेल्या. ग्रुपमध्ये एक डॉक्टर आहेत. त्यांनी लगेच उत्तर दिलं, "काकू, प्लीज. हे तज्ज्ञांवर सोडा. उगाच गोंधळ वाढवू नका." त्याखाली धडाधड अंगठे पडले. काकूंनी नंतर महिनाभर ग्रुपवर काही लिहिलं नाही.

मला ते तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं. डॉक्टर वाईट नाहीत. त्या दिवसांत ते रात्री अकराला घरी येत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण काकूंचा प्रश्न त्या आठवड्यात ग्रुपवर आलेल्या सगळ्या मजकुरातला सगळ्यात शहाणा प्रश्न होता. कोंबडीच कारण असेल तर माळकऱ्यांच्या आणि जैनांच्या घरात हा आजार दिसायला नको. दिसत असेल तर कारण दुसरीकडे शोधायला हवं. मी हिशेबाचं काम करते. ताळेबंद जुळत नाही तेव्हा आम्ही हेच करतो, कुठली नोंद काढली तर फरक नाहीसा होतो ते बघतो.

दुसऱ्या दिवशी काकू माझ्या दारात. हातात नातवाची उरलेली दोनशे पानी वही. पहिल्या पानावर पट्टीने रेघा मारलेल्या: फ्लॅट नंबर, माणसं किती, जुलाब कुणाला, कधी, पिण्याचं पाणी कुठलं, उकळतात का, चिकन खाल्लं का. आम्ही दोघी संध्याकाळी घरोघर गेलो. काहींनी दार लावून घेतलं, बहुतेकांनी चहा विचारला. एकवीस घरं झाली. चार घरांत जुलाब होऊन गेलेले. चारही घरं नळाचं पाणी पिणारी, म्हणजे गावच्या विहिरीतून येणारं. काकूंच्या चेहऱ्यावर दिसत होतं की सापडलं.

मावशी माझ्याकडे भांडी घासत होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "अवो, पण ते पाणी तर सगळीच पित्यात. ज्यांना न्हाई झालं त्येंनी बी तेच पिलंय की. दुसरं पाणी पिणाऱ्यांना इचारा."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. बरोबर होतं. आमच्या एकवीस घरांत वेगळं पाणी पिणारं घरच नव्हतं, मग पाण्यावर बोट ठेवणार कसं? मावशी पलीकडच्या बंगल्यांतही कामाला जातात, तिथे खासगी बोअर आहेत. त्यांनीच पाच बंगल्यांची माहिती आणून दिली. पाचांपैकी कुणालाच काही झालं नव्हतं. यावरून काही सिद्ध होत नाही, संख्या फारच लहान, हे काकूंनी स्वतः वहीत खाली लिहून ठेवलंय. पण त्या दिवसापासून आमच्या मजल्यावर पाणी खळखळून उकळायला लागलं, आणि चिकनचं नाव काढणं बंद झालं. ते नीट शिजलं की हा जिवाणू मरतो, एवढं तोवर आम्ही वाचलं होतं.

पुढे तज्ज्ञांनीही बोट पाण्याकडेच दाखवलं. यातली बहुतेक गावं महापालिकेत २०२१ साली आलेली, विहिरीच्या पाण्यात फक्त क्लोरीन टाकून ते नळाला सोडलं जात होतं.

कुणी म्हणेल, मग तज्ज्ञांनी शोधलंच की, तुमच्या वहीने काय केलं? वहीने एक केलं, आम्हाला रिपोर्ट वाचता आला. जिवाणू एक आणि आजार दुसरा कसा, हा काकूंचा पुढचा प्रश्न होता. त्याचं उत्तर शोधताना कळलं की या जिवाणूच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंसारखे दिसतात. शरीर जिवाणूशी लढायला प्रतिपिंडं बनवतं आणि तीच आपल्या नसांवर चाल करून जातात. म्हणून जुलाब थांबल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी पाय जातात. आणि हा जिवाणू पोटात गेलेल्या साधारण हजारातल्या एकालाच जीबीएस होतो. हा शेवटचा आकडा कळल्यावर आमच्या सोसायटीत कितीतरी लोक त्या महिन्यात पहिल्यांदा नीट झोपले. तो आकडा आम्हाला कुणी आपणहून सांगितला नव्हता.

लंडनमधली १८५४ची कॉलऱ्याची साथ आणि डॉ. जॉन स्नो यांचा पंप, ही गोष्ट अनेकांना माहीत असते: ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून साथ पसरतेय, असं स्नो यांचं म्हणणं होतं. त्यातल्या हेन्री व्हाइटहेडबद्दल मला उशिरा कळलं. हा त्याच वस्तीतला तरुण पाद्री. स्नो म्हणतात ते त्याला पटलं नव्हतं आणि ते खोडून काढायला तो घरोघर गेला. माणसं ओळखीची, त्यामुळे ती त्याच्याशी मोकळेपणाने बोलली. शेवटी त्यालाच ब्रॉड स्ट्रीटवरच्या ४० नंबरच्या घरातलं ते तान्हं बाळ सापडलं. त्याची दुपटी धुतलेलं पाणी आईने त्या पंपाच्या विहिरीला लागून असलेल्या मैल्याच्या टाकीत ओतलं होतं. स्नो यांचं म्हणणं पक्कं व्हायला ज्याची सर्वात जास्त मदत झाली तो सुरुवातीला त्यांचा विरोधक होता. त्याला कुणी "तज्ज्ञांवर सोडा" म्हटलं असतं तर?

आता दुसरी बाजू, आणि ही मला माझ्यापासूनच सांगायला हवी. २०२४च्या एप्रिलअखेर कोव्हिशील्डची बातमी आली. या लशीमागच्या ॲस्ट्राझेनेका कंपनीने कोर्टात मान्य केलं की लशीमुळे क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. पुण्यातच बनलेली लस, घरातल्या सगळ्यांनी घेतलेली. मी ती बातमी "खरं आहे का हे?" असं लिहून साताऱ्याच्या भावाला पाठवली आणि कामाला लागले. भाऊ चार रात्री झोपला नाही. स्वतःच लॅबमध्ये जाऊन रक्ताची तपासणी करून आला.

माझ्या वाक्याला प्रश्नचिन्ह होतं, पण तो प्रश्न नव्हता. उत्तर शोधायला मी दहा मिनिटंही थांबले नव्हते. थांबले असते तर कळलं असतं की हा धोका शास्त्रज्ञांनी २०२१च्या वसंतातच जाहीर केला होता, ब्रिटनने तेव्हाच तरुणांना या लशीऐवजी वेगळी लस द्यायला सुरुवात केली होती, आणि गुठळ्या व्हायच्या तर मुख्यतः पहिल्या डोसनंतरच्या काही आठवड्यांत होतात. भावाला डोस घेऊन तीन वर्षं झाली होती. "कधी होतं?" एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

म्हणून "सामान्य लोकांना काय कळतं" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे, आणि "आम्ही फक्त प्रश्न विचारतोय" म्हणून पुढे निघून जाणाऱ्यांशीही. किती जणांत? कधी? ज्यांना नाही झालं त्यांचं काय? हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. उत्तर येईपर्यंत तिथे थांबावं मात्र लागतं, ते आपल्याला नको असलेलं निघालं तरी.

याच शहरात डॉ. जयंत नारळीकर राहत होते. महास्फोटाचा सिद्धांत जगाने मान्य केल्यावरही त्यांनी त्यावर जाहीरपणे प्रश्न उभे केले. शाळेतली मुलं सही मागायला आली की ते म्हणायचे, सही नको, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा. मग उत्तर लिहून खाली सही करून पाठवायचे. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, त्यातली काही कार्डं आमच्या हातून गेली असतील."

या पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं. काकूंनी कपाटातून वही काढली आणि कितीतरी दिवसांनी ग्रुपवर लिहिलं, "क्लोरीन कोण मोजतं, आणि कुठे? टाकीपाशी की शेवटच्या नळाला?" रात्री सव्वाअकराला त्याच डॉक्टरांचा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. सुरुवातीला ते म्हणतात, "काकू, टाकीपाशी मोजून उपयोग नाही, तुमचं बरोबर आहे. उद्या सकाळी सातला मी किट घेऊन तुमच्याकडे येतो."