चेरी काउंटी 'रिकामी' नाहीये, तो मेसेज पुढे पाठवू नका

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या चेरी काउंटीबद्दल (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की पुणे जिल्ह्याएवढी जागा आणि माणसं फक्त साडेपाच हजार, सगळं सरकारी वाळवंट, पाणी नाही म्हणून लोक पळून गेले, बघा किती जमीन वाया चाललीय. आकडे बरोबर आहेत. क्षेत्रफळ साधारण 15,560 चौरस किमी, 2020 च्या जनगणनेत 5,455 लोक आणि त्यातले जवळपास निम्मे व्हॅलेंटाइन या एकाच गावात. बाकीचं चूक आहे.

पाणी नाही हे तर साफ खोटं. हा सँडहिल्सचा भाग, टेकड्या वाळूच्याच पण वरून गवतानं झाकलेल्या, त्यामुळे पाऊस पडला की बराचसा वाहून न जाता सरळ वाळूत मुरतो आणि खाली ओगलाला अ‍ॅक्विफर म्हणजे भूजलाचा प्रचंड साठा आहे. दोन टेकड्यांमधल्या सखल जागी पाणी इतकं वर येतं की तळी तयार होतात, ओली कुरणं असतात, तिथलं गवत उन्हाळ्यात कापून हिवाळ्यासाठी ठेवतात. लांबच्या कुरणात पवनचक्की पाणी उपसून गोल टाकीत सोडते, गुरं तिथंच पितात. शिवाय नायोब्रारा नदी आहे ती वेगळीच.

सरकारी जमीन? काउंटी 38 लाख एकरांची, त्यात राष्ट्रीय वन आणि अभयारण्यं मिळून दोन लाख एकरांच्या आसपास. बहुतेक जमीन खाजगी रँचची, म्हणजे गुरं पाळणाऱ्यांच्या मोठ्या कुरणांची आहे.

आता लोक कमी का, हा खरा मुद्दा. 1904 च्या किंकेड कायद्यानं इथं एका कुटुंबाला 160 ऐवजी 640 एकर दिले, लोक आले, नांगर घातला, गवताची मुळं तुटली आणि वाऱ्यानं वाळू उडायला लागली, त्या उघड्या खड्ड्यांना तिथले लोक ब्लोआउट म्हणतात. 640 एकरांत गुरांवरही घर चालेना, कारण एका गाय-वासराला वर्षभरासाठी दहा-पंधरा एकर, कधी जास्तच लागतात. मग बऱ्याच जणांनी जमीन शेजारच्या रँचवाल्याला विकली. 1920 ला अकरा हजारांवर असलेली वस्ती अशी हळूहळू उतरली, 2010 ला 5,713 होती. म्हणजे पाणी आटलं म्हणून कुणी पळालं नाही, त्या गवतावर जेवढी कुटुंबं नीट जगू शकतात साधारण तेवढीच उरली.

आणि वाया कसली? मांसासाठी पाळलेल्या गायींत ही काउंटी देशात पहिली, 2017 ला दीड लाखाच्या वर गायी होत्या. हे सगळं टिकलंय ते गवत न मोडल्यामुळे, म्हणून "तिथं शहर वसवा, शेती करा" असं लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

शिवाय ही जमीन "आधीपासून रिकामी" कधीच नव्हती. हा लाकोटा या मूळ रहिवासी लोकांचा मुलूख होता, आणि त्यांचं रोझबड रिझर्वेशन (त्यांच्यासाठी राखीव प्रदेश) आजही उत्तरेला, साउथ डकोटाची हद्द ओलांडली की लगेच आहे.