खुलासा: 'चिनी आजी-आजोबांना परदेशात एकटेपणा नसतो'?

'अमेरिकेतले चिनी वृद्ध मुलांजवळ राहतात, त्यामुळे त्यांना एकटेपणा माहीतच नाही' असा एक फॉरवर्ड फिरतोय. तो अर्धवट आहे. मुलांजवळ राहणं बऱ्याच घरांत खरं. पुढचा निष्कर्ष चुकीचा.

शिकागोत २०११ ते २०१३ दरम्यान साठीपुढच्या तीन हजारांहून अधिक चिनी वृद्धांची घरोघरी पाहणी झाली. साधारण चारात एकाने एकटेपणा जाणवतो असं सांगितलं, आणि यातले बहुतेक एकटे राहत नव्हते! मुलगा-सून कामावर, गाडी चालवता येत नाही, इंग्रजी पत्र वाचायला नातू शाळेतून येईपर्यंत थांबायचं. दवाखान्यात 'चिनी' दुभाषी मिळतो, पण तो मँडरिनचा, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेचा. दक्षिण चीनमधल्या तायशानच्या, वेगळी बोली असलेल्या खेड्यातून आलेल्या आजीला ती कळेलच असं नाही.

'सरकार फुकट सांभाळतं' हीसुद्धा थापच. उतारवयात ग्रीन कार्डावर आलेल्या, तिथे नोकरी न केलेल्या पालकांना सहसा सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर (वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) घेता येत नाही, तेही बहुधा भरभक्कम हप्ता भरून. न्यू जर्सीत मुलांकडे कायमचं जाणाऱ्या आपल्या आईबाबांनाही हाच नियम, तेव्हा फॉरवर्ड करण्याआधी तेवढं बघा.