‘गोड बोलून लाड केले की खाण्याचा आजार बळावतो’ : या सल्ल्यातलं काय चुकतं

खाण्याच्या विकारांबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा सल्ला साधारण असा असतो: हे कोवळ्या, खात्यापित्या घरच्या पोरींचं फॅड आहे, मोठ्या माणसांना असलं काही होत नाही. समोर बसवून दटावून खायला घाला, वजन भरलं की आजार संपला. थेरपीवाले नुसते लाड करतात नाहीतर जुनं उकरत बसतात, त्याने आजार बळावतो. यातला एक सल्ला तर जिवावर बेतणारा आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

वयाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. पंधराव्या वर्षी लागलेला विकार चाळिशीपर्यंत लपवून जगणारी माणसं पुष्कळ आहेत, त्यात पुरुषही आहेत. बाळंतपण, घटस्फोट किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू यानंतरही तो सुरू होतो. झपाटल्यासारखं खाण्याच्या विकाराला (बिंज ईटिंग) अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ मध्ये स्वतंत्र निदान म्हणून मान्यता दिली. असा विकार असलेला माणूस बहुधा हडकुळा दिसतच नाही, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. आपल्याकडे आडोसा मिळतो तो उपवासाचा. सोमवार, चतुर्थी, एकादशी धरणं हा आजार नव्हे. पण उपवास सोडायच्या वेळी ताटाची धास्ती वाटत असेल आणि एखादा वार चुकला तर दिवसभर स्वतःला कोसणं होत असेल, तर विचारपूस करायला हवी.

आता ‘दटावून खायला घाला’. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं, विशेषतः भात, साखर, पोळी, की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं. रक्तातली पातळी कोसळते आणि हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात. म्हणून ५ दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला पहिले २ दिवस गरजेच्या निम्म्याहून जास्त अन्न देऊ नये, असं ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. वजन फारच घटलेलं असेल तर सुरुवात त्याहूनही कमी, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) आधीपासून आणि रक्ततपासणी वरचेवर. हे घरच्या ताटावर, मावशीच्या आग्रहावर सोडण्यासारखं काम नाही.

दटावण्यामागचा समज असा की हा निश्चयाचा प्रश्न आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी, धडधाकट पुरुषांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन जवळपास चतुर्थांशाने घटलं आणि ही माणसं पाककृती जमवू लागली, ताटं चाटू लागली, उदास आणि चिडचिडी झाली. पोटभर अन्न मिळू लागल्यावर काहींना खाणं थांबवताच येईना. मुळात यांच्यापैकी कुणालाही खाण्याचा विकार नव्हता. उपाशी मेंदू असाच वागतो.

‘लाड’ या शब्दावर जरा थांबायला हवं. ज्याला लाड म्हणतात ती करुणाकेंद्री थेरपी, म्हणजे स्वतःकडे दटावणीऐवजी मायेने पाहायला शिकवणारा उपचार. तिची मांडणी ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांनी केली. त्यात मनाच्या तीन यंत्रणा धरल्या आहेत: धोका ओळखणारी, धडपड करायला लावणारी आणि निवांत करणारी. आघातातून, म्हणजे मनावर खोल जखम करणाऱ्या प्रसंगातून, गेलेल्या माणसात पहिली सतत जागी असते आणि तिसरी जवळजवळ मुकी. उपाशी राहणं, बकाबका खाणं, उलटी काढणं हे त्या माणसाला सापडलेले शांत होण्याचे मार्ग असतात, आणि पाठोपाठ येणारी लाज पुन्हा तिकडेच ढकलते. दटावण्याने ही लाजच वाढते.

थेरपीत प्रत्यक्षात काय होतं? रुग्ण आपल्या खाण्याची नोंदवही ठेवतो. तिच्यातलं एक पान असं असू शकतं: ‘सकाळी ८, चहा. दुपारी २, काकडी. रात्री ११.४०, डब्यातल्या सहा पोळ्या, गूळ-तूप, ओट्याशी उभ्यानेच. उलटी. मी किळसवाणी आहे.’ घरातल्यांचं बोट ११.४० वर पडतं. थेरपिस्टचं बोट पडतं दुपारी २ आणि रात्री ११.४० यांच्या मधल्या कोऱ्या जागेवर. पुढच्या आठवड्याचं काम ठरतं: दिवसात ३ जेवणं, २-३ छोटी खाणी, मध्ये ४ तासांहून जास्त अंतर नाही. पाचला एक केळं आणि मूठभर दाणे. रात्री काहीही झालं तरी सकाळचे पोहे चुकवायचे नाहीत. वजन आठवड्यातून एकदाच, थेरपिस्टसोबत. उलटी झालीच तर लगेच ब्रश नाही, कारण आम्लाने मऊ झालेलं दातांचं आवरण घासलं जातं. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून चूळ भरायची. आणि पोटॅशियमची तपासणी टाळायची नाही. यात लाड कुठे आहेत? उलट सुरुवातीला मायेचा शब्दच पुष्कळांना झोंबतो. ज्याने जवळ घेतलं त्यानेच इजा केली असेल, तर प्रेमळ आवाज हीच धोक्याची खूण ठरते. म्हणून करुणाही थोडी थोडी, सोसेल तेवढीच.

‘जुनं उकरतात’ यात अर्धं तथ्य आहे. पहिल्याच भेटीत सगळं सांगायला लावणारा थेरपिस्ट चुकतो. वजन फार कमी असताना मेंदूला आठवणींवरचं काम पेलत नाही. शिवाय उलटीने दाबलेले फ्लॅशबॅक, म्हणजे आघात पुन्हा घडतोय अशा जिवंत आठवणी, उलटी थांबली की वर येतात. ‘उपचार सुरू केले आणि त्रास वाढला’ अशी तक्रार तेव्हाच येते, आणि हे रुग्णाला आधीच सांगून ठेवायला हवं. आठवणींना हात घालण्याआधी जमिनीवर टेकलेले पाय जाणवणं, समोरच्या पाच वस्तूंची नावं घेणं, लयीत सावकाश श्वास घेणं हे हातात बसलेलं असावं. मग आघातावरचे ठरीव उपचार. पण ‘खाणं पूर्ण सुधारेपर्यंत तो विषयच नको’ हेही चूक, कारण दोन्ही एकमेकांना पोसतात. आणि प्रत्येक रुग्णाच्या मागे आघात असतोच असं नाही; नसलेली जखम शोधू नये.

‘वजन भरलं की संपलं’ हेही खरं नाही. खाण्याच्या विकारांसाठीच्या वर्तनबोध उपचाराची (सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणारी थेरपी) ठरलेली लांबी साधारण २० आठवड्यांत २० सत्रं आहे, आणि वजन कमी असेल तर ४०. यातला मोठा भाग भीती आणि नियम सुटण्यात जातो.

घरच्यांनी ताटावर वजनाचा, रूपाचा, ‘आज बरं खाल्लंस’ असा विषय काढू नये. शेजारी बसून तेच जेवावं, नंतर तासभर सोबत राहावं. मनोविकारतज्ज्ञ, नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि आहारतज्ज्ञ असे तिघे एकमेकांशी बोलून उपचार करत असतील तर उत्तम. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेलि-मानस १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. चक्कर येऊन पडणं, फिट येणं, छातीत धडधड, खाणं वाढवल्यावर पायांवर सूज, किंवा जीव नकोसा झाल्याचं बोलणं, यांपैकी काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.