कोलॅजेन पावडर त्वचेत जाऊन बसत नाही

"पंचविशीनंतर कोलॅजेन घटतं. रोज एक स्कूप पाण्यातून घ्या, त्वचेत भरून निघेल." व्हॉट्सअ‍ॅपवर आणि रील्समध्ये हे जोरात फिरतंय. कोलॅजेन म्हणजे त्वचेला आणि हाडांना बळकटी देणारं प्रथिन. ते घटतं हे खरं आहे. पुढचं एकेक बघू.

"प्यायलेलं कोलॅजेन थेट त्वचेत पोचतं." कोलॅजेनचा अखंड रेणू साधारण 3 लाख डाल्टनचा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक). पावडरीत त्याचे आधीच काही हजार डाल्टनचे तुकडे केलेले असतात, पोटात आणि आतड्यात ते आणखी तुटतात. रक्तात उतरतात ती सुटी अमिनो आम्लं (प्रथिनांचे मूळ घटक) आणि दोन-तीन आम्लांच्या जोड्या. त्या कुठे वापरायच्या ते शरीर ठरवतं, डब्यावरचं लेबल नाही.

"पण तयार कच्चा माल तर मिळतो!" इथेच खरी मेख आहे. त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेन स्वतः बांधतात. टाइप 1 कोलॅजेनच्या साखळ्यांचे दोन जीन 17व्या आणि 7व्या गुणसूत्रावर आहेत. केंद्रकात जीनची आरएनए प्रत निघते, त्यातले प्रथिनासाठी न लागणारे तुकडे (इंट्रॉन) कापून टाकले जातात आणि रायबोसोम, म्हणजे पेशीतला प्रथिनं बांधणारा कारखाना, तीन-तीन अक्षरं वाचत साखळी जोडत जातो. मधल्या लांब पट्ट्यात दर तिसरं आम्ल ग्लायसीन. एका जागी जरी जीनमधल्या चुकीने दुसरं आलं, तरी हाडं ठिसूळ होण्याचा आजार होऊ शकतो.

आता पावडरवाले ज्याची जाहिरात करतात ते हायड्रॉक्सिप्रोलिन, कोलॅजेनमधलं एक अमिनो आम्ल. 64 कोडॉनांपैकी (तीन अक्षरी संकेतांपैकी) एकही त्याच्या नावाचा नाही, त्यामुळे खाल्लेलं हायड्रॉक्सिप्रोलिन रायबोसोम साखळीत घालूच शकत नाही. तो साधं प्रोलिन बसवतो. नंतर पेशीतल्या एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या कप्प्यात प्रोलिल हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम त्यावर हायड्रॉक्सिल गट चढवतं. मग तीन साखळ्यांचा पीळ बसतो. हे काम राहिलं तर तो पीळ 24 अंश सेल्सिअसच्या आसपासच सुटतो, आणि शरीर तर 37 अंशांवर. स्कर्व्हीत, म्हणजे व्हिटॅमिन सीच्या कमतरतेच्या आजारात, नेमकं हेच होतं: जीन शाबूत, तरी हिरड्यांतून रक्त.

"मग व्हिटॅमिन सी दणकून घ्या." या एन्झाइममधलं लोह कामाच्या अवस्थेत ठेवायला सी लागतं, पण गरजेपुरतंच. जादाचं बरंचसं लघवीवाटे जातं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शिफारस प्रौढ पुरुषाला रोज 80 आणि स्त्रीला 65 मिलिग्रॅम; 100 ग्रॅम पेरूत 200 च्या आसपास असतं.

"व्हेगन कोलॅजेन." झाडं कोलॅजेन बनवत नाहीत. डबा उलटा करून घटक वाचा, बहुतेकदा सी आणि अमिनो आम्लंच निघतील.

"चाचण्यांत फायदा दिसलाय." काही लहान चाचण्यांत त्वचेचा ओलावा आणि लवचिकता थोडी सुधारलेली दिसते, त्यातल्या बऱ्याच उत्पादकांच्या पैशावर झाल्या आहेत. प्रोलिन-हायड्रॉक्सिप्रोलिनची जोडी रक्तात सापडते आणि ती फायब्रोब्लास्टना चेतवत असेल, ही शक्यता खोडता येत नाही. पण तो इशारा झाला, भरणा नव्हे.

आणि हा स्कूप दिवसाच्या प्रथिनांत मोजत असाल तर कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे शरीराला अन्नातूनच घ्यावं लागणारं अमिनो आम्ल नसतं. डाळ-भात, अंडी, दूध यांच्या जागी ते चालणार नाही.