भर पावसात तहानलेला हिरो

मामांची वस्तीची गाडी चुकली आणि तिथंच सगळं बिनसलं. जमिनीच्या खटल्याची तारीख म्हणून ते सकाळीच बेळगावला आले होते. दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात बसून शेवटी पुढची तारीख घेऊन घरी आले, तोवर पाच वाजले. आता खानापूर गाठून पुढची गाडी मिळायची काही आशाच नव्हती.

घरात चिरंजीवांनी सिनेमाची तीन तिकिटं काढून ठेवली होती. बायकोनं संधी साधली. "मला थंडी बाधते. मामांना न्या की."

"कसला शिनेमा रे?" मामा.

"सर्व्हायव्हल थ्रिलर, आजोबा. जंगलात हरवलेला माणूस जिवंत कसा राहतो त्याची गोष्ट. व्हिज्युअल्स तर एकदम भारी आहेत म्हणे."

मामांनी जरा विचार केला. त्यांचं गाव नेरश्याच्या पलीकडं, भीमगडच्या रानात. 2011 साली सरकारनं त्या रानाला अभयारण्य म्हटलं; मामा त्याच्या कितीतरी आधीपासून तिथंच राहतात.

"आणि त्याला तिकीट?" ते म्हणाले.

मी तिथंच सावध व्हायला हवं होतं.

पहिली चकमक दारात झाली. झडती घेणाऱ्या पोरानं मामांच्या बंडीच्या खिशातनं तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी काढली. "ओळग बिडंगिल्ल री, अज्जा." म्हणजे आत सोडत नाहीत, आजोबा. मामांचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं, त्यामुळं वाद रंगला. निपाणीची आहे, साधीसुधी नाही, इथपर्यंत मुद्दे गेले. शेवटी पुडी टेबलाच्या खणात जमा झाली आणि मामा हात बांधून आत आले. अडीच तास तंबाखूविना. खरा सर्व्हायव्हल थ्रिलर माझ्या शेजारच्या खुर्चीत सुरू झाला होता.

सुरुवात मात्र खरंच देखणी होती, ते मान्य करायलाच हवं. धुक्यात बुडालेल्या डोंगरांवरनं कॅमेरा असा अलगद गेला की माझ्या अंगावर काटा आला. मग एक पान. पानाच्या टोकाला थेंब. तो लांबतो, थरथरतो, त्यात अख्खं झाड उलटं दिसतं, आणि टप्. पाठोपाठ चारी बाजूंनी पावसाचा आवाज. मामा खुर्चीत पुढं सरकले. "आमच्यातलंच वाटतंय की रे हे," असं इतक्या हळू आवाजात म्हणाले की मला तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

मग माणसं बोलायला लागली.

शहरातली पाच मित्रमंडळी ऐन पावसाळ्यात ट्रेकला येतात, दरड कोसळते, हिरो एकटा खाली पडतो. अंगभर चिखल, पण दाढी कालच न्हाव्याकडं कोरलेली. शर्ट फाटला तो नेमका दंडावर. इथवर ठीक. पण दुसऱ्या दिवशी तो गुडघ्यावर कोसळून, आभाळाकडं हात करून ओरडला, "पानी...!"

वर धो धो पाऊस.

"तोंड उघड की!" मामा ओरडले. पुढच्या रांगेतली चार डोकी मागं वळली. मी खुर्चीत जमेल तितका खाली सरकलो.

पुढं ओढा लागला. पाणी खाली वाहतंय, हिरो चढ चढून वर निघाला. कारण वर धबधबा होता, आणि कॅमेरावाल्याला धबधबा घ्यायचा होता. एवढं मलाही कळत होतं. "पाण्याबरोबर खाली जा रे, गाव लागंल," मामा पोटतिडकीनं सांगत होते. नदी ओलांडून शाळेला गेलेल्या माणसाला गप्प कसं बसवणार? त्यात हिरोनं रात्री चिंब लाकडाला एका काडीत जाळ केला. तो जाळही काय सुंदर होता! गुहेच्या भिंतीवर सावल्या, वर वटवाघळं भिरभिरतायत, आणि हिरो त्यांना बघून किंचाळतोय. मामांना हा थेट अपमान वाटला. आमच्या बारापेडेच्या गुहेतल्या दुर्मीळ वटवाघळासाठी कुठकुठली शिकलेली माणसं येतात, आणि हा किंचाळतो!

दर वीस मिनिटांनी हिरोला दिवंगत वडील आठवत. ते एकच वाक्य बोलत: "हार मत मानना, बेटा." चौथ्यांदा बोलले तेव्हा हार मानायच्या मन:स्थितीत मीच होतो.

इंटरव्हलला चिरंजीवांनी बाजू सावरायचा प्रयत्न केला. "खरंच घडतं असं, आजोबा. 1972 साली अँडीज पर्वतात बर्फात विमान पडलं. 45 जणांतले 16 जण जिवंत राहिले, 72 दिवस."

"बाहत्तर दिवस? खाल्लं काय रे त्यांनी?"

चिरंजीव हातातल्या पॉपकॉर्नकडं बघत गप्प बसले.

उत्तरार्धात पाय मोडलेला मित्र सापडला. आता ह्याला उचलून नेईल म्हटलं, तर दोघं दोरीला लोंबकळत बालपणीच्या भांडणावर बोलायला लागले. दहा मिनिटं! मामा आता ओरडत नव्हते. माझ्याकडं झुकून म्हणाले, "गेल्या आषाढात धाकटीला कळा सुरू झाल्या. खाटेला बांबू बांधला आणि चौघांनी डांबरी रस्त्यापर्यंत आणली. कोण एक शब्द बोललं नाही. बोलायला दम कुठला?"

पुढं काय विचारावं मला सुचेना. पोरगी झाली आणि दोघी बऱ्या आहेत, हे त्यांनी आपणहून सांगितलं आणि पुन्हा पडद्याकडं बघायला लागले.

शेवटाकडं हिरोच्या पायाला जळवा लागल्या. एकेक जळू पडदाभर, काळी, चकचकीत, रक्तानं टम्म फुगलेली. बघून पोटात ढवळलं. हिरो दात ओठ खात एकेक उपटत होता आणि व्हायोलिनं रडत होती. मामा उभे राहिले.

"अरे तंबाखू लाव की! तंबाखू!"

अख्खं थिएटर हसलं. त्या सिनेमातली पहिली टाळी तीच.

हिरो शेवटी वाचला. कसा, ते विचारू नका, हेलिकॉप्टर आलं. बाहेर येईपर्यंत चिरंजीव "पण सिनेमॅटोग्राफी..." एवढंच पुटपुटत होते. मामा तडक टेबलापाशी गेले, झडतीवाल्या पोराकडनं पुडी आणि डबी मागून घेतली, पुडी उघडून वास घेतला. मग चिमूटभर तंबाखू तळहातावर घेत त्या पोराला विचारलं, "त्या आतल्याचीबी पुडी तूच काढून घेतलास काय रे?"