आर्थर अ‍ॅश असा गरीब गाय नव्हता

आर्थर अ‍ॅशचा तो फॉरवर्ड परवा पुन्हा आला. अ‍ॅश म्हणजे अमेरिकेचा कृष्णवर्णीय टेनिसपटू, ज्याला पुढे एड्स झाला. तुम्हालाही कधीतरी आला असेलच. जगात पाच कोटी मुलं टेनिस खेळायला लागतात, पन्नास लाख नीट शिकतात, असं घसरत घसरत पन्नास जण विम्बल्डनला पोचतात, चार उपांत्य फेरीत, दोघं अंतिम सामन्यात. 'चषक हातात होता तेव्हा देवाला विचारलं नाही, मीच का? मग आज आजारपणात कशाला विचारू?' खाली हात जोडल्याचे इमोजी आणि ग्रुपवर दिवसभर 'किती खरंय!'

आकड्यांचं सोडा. (विम्बल्डनच्या पुरुष एकेरीत १२८ जण खेळतात, पन्नास नव्हे.) मूळ विचार त्याचाच आहे. वाईट गोष्टींबद्दल 'मीच का' विचारायचं तर चांगल्या गोष्टींबद्दलही विचारायला हवं, असं त्याने शेवटच्या काळातल्या आठवणींत लिहिलं आहे. माझी तक्रार वेगळी आहे. आपण त्याचा अर्थ 'जे वाट्याला येईल ते मुकाट सोसा' असा करून टाकलाय. हा माणूस मुकाट सोसणाऱ्यातला नव्हताच.

तो व्हर्जिनियातल्या रिचमंडचा. वडील कृष्णवर्णीयांसाठीच्या एका मैदानाची देखभाल करायचे आणि तिथेच राहायला घर होतं, म्हणून रॅकेट हातात आली. शहरात चांगली कोर्ट होती, पण ती गोऱ्यांची. पुढे डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन यांनी त्याला शिकवलं. त्यांचा एक नियम होता: समोरच्याचा चेंडू रेषेबाहेर इंचभर पडला तरी आत पडला असं धरून खेळायचं. पंचांशी हुज्जत नाही, रॅकेट आपटणं नाही. आपल्याला बाहेर काढायला गोऱ्या आयोजकांना निमित्तच मिळू द्यायचं नाही. ज्याला आपण त्याची शांत वृत्ती म्हणतो, ती अशी शिकवलेली होती आणि तिच्यामागे हिशेब होता.

१९६८ साली तो पहिली यूएस ओपन जिंकला. पण हौशी खेळाडू म्हणून, त्यामुळे बक्षिसाचे १४,००० डॉलर हरलेल्या टॉम ओकरला मिळाले आणि विजेत्याला रोजचा २० डॉलर भत्ता! जिंकणं म्हणजे नक्की काय, हे त्याला पंचविशीतच कळलं असणार.

आणि मग १९७५ची विम्बल्डन फायनल. समोर जिमी कॉनर्स, वय २२, गतविजेता. त्याच्याविरुद्ध अ‍ॅश तोवर एकदाही जिंकला नव्हता. शिवाय कॉनर्सने त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावलेला, कारण डेव्हिस कप या देशादेशांमधल्या स्पर्धेत देशाकडून खेळत नाही म्हणून अ‍ॅशने त्याच्यावर टीका केली होती. अ‍ॅश सेंटर कोर्टवर आला तोच डेव्हिस कपचं जॅकेट घालून, छातीवर देशाचं नाव. एक शब्द न बोलता काढलेला चिमटा. गरीब गाय म्हणे!

त्याचा स्वतःचा खेळ जोरकस फटक्यांचा. पण कॉनर्सला वेग दिला की तो तोच वेग दुप्पट करून परत पाठवतो, म्हणून अ‍ॅशने त्या दिवशी आपला खेळच बाजूला ठेवला. हळू, खाली राहणारे चेंडू कॉनर्सच्या फोरहँडवर, डोक्यावरून उंच जाणारे लॉब, बॅकहँडला बाहेर ओढणारी स्लाइस सर्व्ह. ६-१, ६-१. प्रेक्षकांतून कुणीतरी कॉनर्सला ओरडून जोर दिला तेव्हा तो वैतागून म्हणाला, 'प्रयत्नच करतोय ना!' तिसरा सेट ५-७ असा गेला, चौथ्यात अ‍ॅश ०-३ने मागे. इथे कुणीही घाबरून आपल्या सवयीच्या खेळाकडे वळला असता. त्याने बेत सोडला नाही आणि सेट ६-४ असा घेतला. बाजू बदलताना खुर्चीत डोळे मिटून बसायचा. माझ्या मते विम्बल्डनच्या इतिहासात डोक्याने जिंकलेला याहून मोठा सामना नाही. फेडररभक्तांनी वाद घालावा, मी तयार आहे.

त्याआधी दोन वर्षं तो दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेला होता. आधी व्हिसा नाकारलेला. तिथे एकेरीची फायनल याच कॉनर्सकडून हरला, दुहेरी ओकरबरोबर जिंकला. तो गेल्याने वर्णभेदी सरकारला प्रतिष्ठा मिळाली, असं अनेक कृष्णवर्णीयच त्याला सुनावत होते. पुढे १९८५ साली वॉशिंग्टनमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दूतावासासमोर निदर्शनं करताना त्याला अटक झाली.

आता आजार. हृदयाच्या शस्त्रक्रियेवेळी चढवलेल्या रक्तातून एचआयव्ही आला, असं मानलं जातं. १९८८मध्ये निदान झालं, मोजक्या लोकांनाच माहीत होतं. १९९२च्या एप्रिलमध्ये एका वर्तमानपत्राला कुणकुण लागली म्हणून त्याला स्वतःच जाहीर करावं लागलं. मुलीचा उल्लेख आला तेव्हा बोलणं थांबलं आणि पुढचं पत्नीने वाचून दाखवलं. माझ्या आजाराची बातमी करण्याचा तुम्हाला हक्क काय, असा त्याचा रोख होता आणि तो चिडलेला होता. फॉरवर्डमध्ये हा राग कुठेच नाही. एड्सपेक्षा काळा असणं हे जास्त मोठं ओझं, असंही तो एका मुलाखतीत सरळ बोलून गेला होता. ते वाक्य आपल्या ग्रुपवर कुणी पाठवत नाही, कारण त्यावर 'वा!' म्हणून पुढे जाता येत नाही.

त्याच सप्टेंबरात, अंगात त्राण नसताना, तो व्हाइट हाउससमोर उभा राहिला. हैतीहून बोटींनी येणाऱ्या निर्वासितांना अमेरिका परत पाठवत होती, त्याचा निषेध म्हणून. पोलिसांनी पुन्हा अटक केली. दुसऱ्या दिवशी हृदयविकाराचा सौम्य झटका आला. पुढच्या फेब्रुवारीत, वयाच्या ४९व्या वर्षी, तो गेला.